परक्या भिंतीचा रंग

नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झालेल्या एका तरुण दांपत्याने भाड्याच्या लहानशा घराला हौसेने गडद निळा रंग दिला. घरमालकाची संमती तोंडी होती. अकरा महिन्यांनी घर सोडताना भिंती पुन्हा पांढऱ्या करण्याचा खर्च त्यांनी अनामत रकमेतून कापला. मालकांच्या मते संमती त्याच अटीवर दिली होती. दांपत्यास तशी अट स्मरत नव्हती. बाळंतपणासाठी धरलेला पैसा रंगात गेला.

दुकानातील दहा रुपयांची उधारीही वहीत मांडणारी घराणी येथे मात्र शब्दावर विसंबतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्यातच रंगाचा खर्च कोणाचा, छटा कोणती व भिंती पूर्ववत करून द्यावयाच्या की नाही, हे नमूद करावे. ताबा घेतानाच भिंतींची छायाचित्रे काढावीत.

ओल असलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही. म्हणून आधी गळती मालकास लेखी कळवावी. फिकट छटेने लहान खोली उजळ दिसते. गडद रंग झाकण्यास मात्र प्राइमर व जादा हात लागतात.

पुढील घरी त्या दांपत्याने दुधी रंग निवडला. परंतु डबा उघडण्यापूर्वी करारात दोन ओळी लिहून घेतल्या. घर सोडताना या वेळी वाद झाला नाही. भिंत परक्याची असली, तरी तिच्यावर खर्च होणारा पैसा आपलाच असतो.