पवनीच्या दगडांवरची नावे

मागच्या वेळी आपण तुमसर तालुक्यातल्या आंबागडावर जाऊन आलो. बुरूज पाहिले, तटावर चढलो. गोंड राजा बख्त बुलंद याच्या सुभेदाराने, राजाखानाने, हा किल्ला बांधला हे मुलांना सांगितले. उतरताना आमच्या धाकट्या मुलीने विचारले, "किल्ला राजाचा. मग आपल्यासारख्या लोकांचं काय आहे या जिल्ह्यात?" प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला आम्हाला पवनीला जावे लागले.

भंडाऱ्याहून दक्षिणेला, अड्याळवरून एस.टी. पवनीला जाते. गाव वैनगंगेच्या काठी वसलेले आहे. तीन बाजूंना जुना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, अशी या जुन्या नगराची रचना. आम्ही रविवारी सकाळीच निघालो. बरोबर आमची आई होती. वय ऐंशीच्या पुढे, पन्नास वर्षे विड्या वळून बोटे वाकलेली, पण पाय अजून खंबीर. डब्यात भाकर, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि लसणाची चटणी घेतली होती.

पवनीला आधी जगन्नाथ टेकडी पाहावी. सांचीसारखा उभा, घडीव स्तूप दिसेल अशा अपेक्षेने मात्र जाऊ नये. आमच्या मुलांची तीच निराशा झाली. "ही तर नुसती टेकडी!" म्हणून थोरला रुसून बसला. खरी गोष्ट अशी की ही टेकडी म्हणजेच स्तूप. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, तेव्हा मातीखालून विटांचा प्रचंड स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही थोडा अधिक. जवळच्या चांडकापूरच्या टेकडीतही स्तूप निघाला. पुढे १९९४ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाने पवनीत पुन्हा उत्खनन केले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या या काठावर बुद्धाचा धम्म केवढा बहरला होता, हे या टेकड्यांनी जगाला दाखवले.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याला वेदिका म्हणतात. तिच्या खांबांवर बोधिवृक्ष, धम्मचक्र, स्तूप आणि पूजा करणारी माणसे कोरलेली आहेत. तथागतांची मूर्ती मात्र नाही. त्या काळी बुद्ध माणसाच्या रूपात दाखवत नसत. झाडाखालचे रिकामे आसन दिसले की समजायचे, येथे बुद्ध बसले आहेत. एका दगडावर अशा रिकाम्या आसनावर पाच फण्यांचा नाग छत्र धरून आहे. हा मुचलिंद नाग. ज्ञानप्राप्तीनंतर पावसाची झड लागली, तेव्हा त्याने भगवंतांवर आपला फणा धरला अशी कथा आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली धम्मदीक्षेसाठी नागपूर निवडले, तेव्हा नाग लोकांनी या देशात बुद्धधम्म पसरवला, हे कारण त्यांनी स्वतः सांगितले होते. ते आठवले की या नागाकडे नुसती शोभेची नक्षी म्हणून पाहवत नाही.

पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नक्षीत नाही, अक्षरांत आहे. या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख आहेत. त्यांत लढाया नाहीत, राजांची स्तुती नाही. अमक्या उपासकाचे दान, तमक्या उपासिकेचे दान, घर सोडून प्रव्रज्या घेतलेल्या भिक्खुणीचे दान, एवढेच. एकाने एक खांब दिला, दुसऱ्याने एक आडवी शिळा दिली. अशा एकेका दगडाने कठडा उभा राहिला. ज्याने जे दिले, त्यावर त्याचे नाव राहिले. त्यात बायकांचीही नावे आहेत.

हे ऐकून आई टेकडीवर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बायकाइचं नाव बी लिवत होते का गा? आमचं नाव त कारखान्याच्या वहीत बी धड नोयतं." आम्हाला काही बोलता आले नाही.

येथले कोरीव दगड आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दिल्ली दूर आहे, पण नागपूरचे संग्रहालय आपल्या आवाक्यातले आहे. १८६३ साली सुरू झालेले हे संग्रहालय, आपली जुनी माणसे त्याला अजब बंगला म्हणतात. पुष्कळ जण दीक्षाभूमीला जातात, पण तेथवर जात नाहीत. आम्ही पुढच्याच महिन्यात मुलांना घेऊन गेलो. पवनीलाच सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभही त्या संग्रहालयाच्या ठेव्यातला. हा एवढा मोठा अधिकारी, पण इतिहासाला ठाऊक झाला तो त्या दगडामुळे. म्हणजे क्षत्रप असो की गावची उपासिका, दगडावर नाव राहिले म्हणून दोघेही उरले.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ब्राह्मी लिपी शेकडो वर्षे कोणाला वाचता येत नव्हती. सम्राट अशोकाचे शिलालेख सर्वांसमोर होते, पण मुके होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने ती लिपी उलगडली. कशी? सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच तीच अक्षरे येतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ताडले, हा शब्द 'दानं' असणार. तेथून एकेक अक्षर सुटत गेले आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. बंधू-भगिनींनो, सम्राटाचे शब्द वाचायची किल्ली साध्या माणसांच्या एकेका दगडाच्या दानातून मिळाली. "आपल्यासारख्या लोकांचं काय आहे?" याचे याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

आता आमच्या घरची एक चूक सांगतो. १९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पण प्रचारासाठी ते या जिल्ह्यात फिरले, तेव्हा आमचे आजोबा बैलगाडी जुंपून सभेला गेले होते. आई तेव्हा दहा वर्षांची, गाडीत मागे बसलेली. त्या निवडणुकीचे एक पत्रक आणि आजोबांचा एक फोटो घरच्या जुन्या पेटीत होता. घराचे काम काढले तेव्हा आम्ही ती पेटी उघडूनही न पाहता भंगारवाल्याला दिली. आईला कळले तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "माझा बाप गेला ना गा त्यात." दोन हजार वर्षांपूर्वीची नावे दगडावर टिकली आणि सत्तर वर्षांपूर्वीचा कागद आमच्या हातून गेला. पवनीच्या टेकडीवर आम्हाला हेच सारखे आठवत होते.

म्हणून पवनीला जा, तेव्हा एवढे करा. निघण्यापूर्वी मुलांना मुचलिंदाची कथा सांगा. टेकडीवरची वीट उचलून पिशवीत घालू नका, दगडावर आपले नाव कोरू नका. शेतात, नदीकाठी मूर्ती, नाणी असे काही सापडले तर घरी आणून शेंदूर लावू नका, विकूही नका, तहसील कार्यालयात कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते कळवणे बंधनकारक आहे. शिवाय वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी हकिकत हरवते. हाताशी वेळ असेल तर पवनीजवळच्या रुयाड येथला, पञ्ञा मेत्ता संघाने उभारलेला आणि २००७ साली खुला झालेला महास्तूपही पाहून या. जुना आणि नवा, दोन्ही स्तूप एकाच दिवशी मुलांना दाखवता येतात.

आणि घरी परतल्यावर आपापली पेटी उघडा. दीक्षेच्या वेळचे पांढरे लुगडे, जुने पत्रक, सभेचा फोटो, आजीचे विडीचे सूप, जे असेल ते पुसून ठेवा. आपल्या बुद्धविहारात एक काचेचे कपाट आणि एक वही एवढे झाले तरी छोटे संग्रहालय होते. वहीत वस्तू कोणाची, गाव कोणते, साल कोणते, दिली कोणी, हे लिहा. घरातली म्हातारी माणसे बोलती असतील तोवर त्यांना बोलते करा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज भरून ठेवा.

आमच्या विहारात गेल्या पौर्णिमेला अशी वही सुरू झाली. पहिली वस्तू आईने दिली, तिची विड्या वळायची कात्री. धाकटीने वहीत लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. आईने आपले नाव दोनदा वाचायला लावले.