थांबावे, पण तारीख ठरवून

भिवंडी तालुक्यातील वडपे येथून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी असले, तरी प्रश्न एका ओळीचा आहे. घरातला जुना संगणक या दिवाळीत बदलावा, की आणखी काही दिवस थांबावे? प्रश्न दिसावयास साधा. पण चारही पाने वाचून झाल्यावर ध्यानात येते की, तो संगणकाचा कमी आणि घराचा अधिक आहे. म्हणूनच या सदरात त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटले.

हकिकत अशी. संगणक 2013 साली घेतलेला. यजमान महामार्गालगतच्या एका गोदामात नोकरीस. ताई स्वतः दोन-तीन लहान वाहतूकदारांचे हिशेब आणि ई-वे बिले घरबसल्या करून देतात. त्यावर घरचा किराणा निघतो. थोरली मुलगी बारावीला. बँकेत पंचेचाळीस हजार रुपये शिल्लक आहेत, आणि त्याच पैशांवर सासूबाईंच्या मोतीबिंदूचाही डोळा आहे! मुलगी म्हणते, आताच घ्या. यजमान म्हणतात, थांबा, भाव उतरतील. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. आणि ताईंना तेच सर्वांत जड जाते.

यंत्राची अवस्था त्यांनी छान वर्णिली आहे. बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा गाळून, पिऊन, कपबशी विसळून परत यावे, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उमटते. रोज सकाळी घड्याळ भलतीच तारीख दाखविते. त्यातून राहावयास वडप्याला! समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि जवळच्या आमण्यापर्यंत नागपूरचा रस्ता येऊन भिडला. आजूबाजूला गोदामांच्या रांगा. साऱ्या मुंबईला पुरेल एवढा नवा माल डोळ्यांसमोरून जात असताना आपल्या घरी मात्र तेरा सालचे खटारे, हे मुलीला खुपले तर नवल नाही.

आता प्रथम यजमानांचे म्हणणे पाहू. थांबले की स्वस्त मिळते, ही समजूत काही त्यांची एकट्याची नाही. तिला आधारही आहे. 1965 साली गॉर्डन मूर या अमेरिकन तज्ज्ञाने भाकीत केले होते की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या वर्षाला दुप्पट होत जाईल. 1975 साली त्याने ती मुदत दोन वर्षांची केली. पुढे कित्येक दशके घडलेही तसेच. आज घेतलेले यंत्र दोन वर्षांत जुनाट ठरे, आणि जो थांबे त्याला त्याच पैशांत दुप्पट काम करणारे यंत्र मिळे.

परंतु हा काही निसर्गाचा नियम नव्हे. 2025 च्या अखेरीस उलटाच प्रकार झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड डेटा सेंटरे उभी राहू लागली आणि संगणकाची स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, ज्या चिपांची बनते त्या तिकडे वळल्या. या चिपा बनविणाऱ्या बड्या कंपन्या मुख्यतः तीनच आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांपैकी मायक्रॉनने 3 डिसेंबर 2025 रोजी घरगुती ग्राहकांसाठी चालविलेला आपला ‘क्रूशल’ हा माल बंद करीत असल्याचे जाहीर केले. रॅमचे भाव चढले. तेव्हा ‘थांबा, उतरेल’ हे वाक्य सोन्याच्या बाबतीत जितके बेभरवशाचे, तितकेच आता संगणकाच्या बाबतीतही समजावे.

मग मुलीचे म्हणणे खरे का? तेही पुरते नाही. ‘उद्या याहून चांगले येणारच’ आणि ‘आज तर हवेच आहे’ या दोहोंतली ओढाताण आपल्या देशात संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1956 साली संगणकाचा लहान नमुना तयार झाला आणि 1960 साली पूर्ण यंत्र चालू झाले. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात जुन्या रेडिओत असत तसल्या सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. आणि ते उभे राहीपर्यंत जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे येऊन गेली होती! 1964 साली त्याच संस्थेत सीडीसी 3600 हे मोठे अमेरिकन यंत्र दाखलही झाले. मग टिफ्रॅकचा खटाटोप वाया गेला काय? मुळीच नाही. त्या यंत्रावर शिकून तयार झालेली माणसे पुढच्या यंत्राला आयती मिळाली. संस्थेने यंत्र घेतले नव्हते, काम सुरू केले होते. घरातही हाच विचार करावा. कोणते काम अडले आहे, हे आधी पाहावे. यंत्राचे वय मागाहून पाहावे.

ताईंचे अडलेले काम कोणते? ई-वे बिले आणि हिशेबाचे तक्ते. याला काही विमान उडविण्याइतकी शक्ती लागत नाही. मुलीचे काम कोणते? ते तिलाही अजून ठाऊक नाही! ती वास्तुशास्त्राला गेली तर चित्रे काढणारे भारी यंत्र लागेल, अभियांत्रिकीला गेली तर बहुधा लॅपटॉप, आणि वाणिज्य शाखेला गेली तर याहून पुष्कळ कमीत भागेल. आज घेतलेला डेस्कटॉप उद्या वसतिगृहात नेता येणार नाही. म्हणजे मुलीच्या कामासाठी थांबण्यात अर्थ आहे, कारण थांबल्याने काहीतरी निश्चित कळणार आहे. भाव चढून दोन-चार हजार अधिक पडले, तर ती त्या माहितीची फी समजावी. चुकीचे यंत्र घेण्यापेक्षा ती स्वस्तच.

राहिले ताईंचे काम. ते थांबवून चालणार नाही. येथे तुमच्या भिवंडीकडूनच शिकण्यासारखे आहे, ताई. भिवंडीतले कितीतरी मागवाले वर्षानुवर्षे ह्याच पेचात आहेत. जुना धोट्याचा साधा यंत्रमाग ठेवावा, की कर्ज काढून धोट्याविना चालणारा नवा घ्यावा? या दोहोंच्या मधली एक वाट सरकारी योजनेत होती. 1 एप्रिल 2017 रोजी भिवंडीतच ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यातला एक भाग होता साधे माग जागच्या जागी सुधारण्याचा. माग तोच, त्याला ताण्याचा धागा तुटताच माग थांबविणारी आणि बाण्याचा तुटताच थांबविणारी अशी जोडकामे बसवावयाची. कापड सुधारते, आणि सारा माग भंगारात घालावा लागत नाही. संगणकालाही हीच वाट आहे.

ती अशी. तुमच्या यंत्रातली हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची आहे. चहाचा वेळ जातो तो बहुतेक तिच्यापायी. तिच्या जागी एसएसडी बसवावी; तिच्यात फिरणारे काही नसते आणि यंत्र मिनिटाच्या आत उठते. ही एसएसडी पुढे नव्या डेस्कटॉपात दुसरी डिस्क म्हणून बसेल, किंवा स्वस्तशा डबीत घालून बाहेरून जोडता येईल. रॅमचे तसे नाही. 2013 च्या यंत्राला डीडीआर-3 जातीची लागते. तिची खाच निराळी असल्यामुळे ती नव्या यंत्रात बसतच नाही. तेव्हा रॅम वाढवावयाची तर वापरलेली घ्यावी. मुंबईस लॅमिंग्टन रोडला ती मिळते. सूत्र एवढेच की, जे पुढच्या यंत्राबरोबर जाईल त्यावर खर्च करावा, जे याच यंत्राबरोबर मरेल त्यावर करू नये.

घड्याळ चुकते, त्यास तर काहीच लागणार नाही. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर 2032 नावाची; ती संपली की यंत्र तारीख विसरते. मग संकेतस्थळेही कुरकुरू लागतात, कारण त्यांना आजची तारीख खरी लागते. ही बॅटरी घड्याळजीकडेही मिळते.

एक गोष्ट मात्र दृष्टीआड करू नये. तुमच्या यंत्रावर विंडोज 10 आहे. तिची नेहमीची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाली. घरगुती ग्राहकांना कंपनीने नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची जादा मुदत जाहीर केली. पण अशा वाढीव मुदतीवर संसार रेटू नये. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. आठवी पिढी आली 2017 साली. तुमचे यंत्र त्यात बसत नाही. काही कारागीर आडमार्गाने ती बसवून देतात, पण ज्या यंत्रावर घरचा किराणा चालतो त्यावर असले प्रयोग नकोत. त्यापेक्षा नव्या एसएसडीवर लिनक्स घालावे. ते फुकट आहे, त्यात मराठी टंकता येते, हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस येते, आणि ई-वे बिले तर ब्राउझरमध्येच होतात. आधी पेन ड्राइव्हवरून ते चालवून पाहावे. डिस्कला हात लावावा लागत नाही. तुमचा प्रिंटर त्यावर चालतो ना, एवढे पाहिले की मगच कायम करावे.

हे सारे करवून घेण्यापूर्वी कारागिराकडून खर्च लिहून घ्या. नव्या यंत्राच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून तो अधिक असेल, तर जुन्यात पैसे घालू नका. मधेच मदरबोर्ड गेला, तरीही दुरुस्तीच्या फंदात पडू नका. तशा वेळी कचेऱ्यांतून परत आलेले, तपासून दिलेले जुने यंत्र पाहावे; मात्र आठव्या पिढीच्या अलीकडचे घेऊ नये आणि हमी लेखी घ्यावी.

पत्राच्या शेवटच्या पानावर ताईंनी सहज म्हणून एक गोष्ट लिहिली आहे. सासऱ्यांची शेवटच्या दोन वर्षांतली सारी छायाचित्रे त्या संगणकात आहेत, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. ताई, हे पत्र वाचून होताच आधी ते काम करा. फराळ मागाहून. फिरत्या तबकडीची डिस्क कधी बंद पडेल ते सांगून पडत नाही. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसरी नणंदेकडे किंवा भावाकडे ठेवा. एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. पुढे जुने यंत्र टाकण्याची वेळ येईल तेव्हाही डिस्क पुसल्यावाचून ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नका. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. नोंदणीकृत केंद्राकडे ते द्यावे.

आणि आता सासूबाई. मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा, असे आपल्या आजीच्या काळी म्हणत. तेव्हाच्या शस्त्रक्रियेला ते धरूनही होते. आता ती अट राहिलेली नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढावयास अधिक अवघड. औषधाने तो जात नाही. डॉक्टरांनी काढा म्हणून सांगितले असेल, तर ह्या पंचेचाळीस हजारांवर पहिला हक्क त्या डोळ्याचा आहे. सासूबाई गप्प आहेत त्या गरज नाही म्हणून नव्हे. नातीचे शिक्षण आणि आपला डोळा यांत त्यांनी आपल्या मनाशी निकाल लावून टाकला आहे. तो निकाल घरातल्या इतरांनी फिरवावयाचा असतो.

तात्पर्य, एकाच घरात तीन गोष्टी थांबल्या आहेत आणि तिन्हींचा हिशेब निराळा आहे. छायाचित्रे आज. डोळा डॉक्टर सांगतील त्या दिवशी. नवा संगणक मुलीचा प्रवेश पक्का झाल्यापासून आठ दिवसांत. भाव चढलेला असो वा उतरलेला. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलीच्याच हस्ताक्षरात लिहून ठेवा. तारीख असली म्हणजे त्याला थांबणे म्हणतात. नसली म्हणजे ती नुसती टाळाटाळ. तोवर दर महिन्याला ताईंच्या कमाईतले थोडे बाजूस पडू द्या, म्हणजे डोळ्याने खाल्लेली रक्कम संगणकापुरती भरून येईल.

यजमानांना सांगा, तुमचे थांबण्याचे म्हणणे मान्य झाले. मुलीला सांगा, तुझी तारीख ठरली. आणि सासूबाईंना काही सांगू नका. सरळ डॉक्टरांची वेळ घेऊन या. दिवाळीच्या शुभेच्छा!