माळाला पडीक म्हणू नका

ज्वारी निघाली की आमच्या खटाव भागात रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. यंदा फाल्गुनात माझ्या दोन एकरांत माण तालुक्याकडची तीनशे मेंढरं तीन रात्री बसली. दिवस मावळताना धनगरांनी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून जनावरं आत घेतली. रोज रात्री वाघर पुढं सरकत गेली, रानाचा कोपरान् कोपरा भिजला पाहिजे म्हणून. बदल्यात मी दोन पोती ज्वारी आणि वर रोख पैसे दिले.

तिसऱ्या पहाटे रानात गेले तर पायाखाली लेंड्यांचा थर होता आणि मध्येमध्ये काळपट ओले डाग. वास इतका उग्र, की डोळे चुरचुरले. धनगरांचे कारभारी म्हणाले, "ताई, उन्हं चढायच्या आत कुळवाची पाळी घाला, न्हाईतर निम्मं खत वाऱ्यावर जाईल." खरंच आहे ते. मेंढरांच्या लघवीतल्या युरियाचा मातीतले जिवाणू अमोनिया करतात आणि तो मातीआड झाला नाही तर उडून जातो. डोळ्यांना झोंबत होतं ते माझ्याच पिकाचं नत्र होतं.

ट्रॉलीभर लेंडीखत विकत आणून हे साधत नाही. जनावराच्या पोटातून स्फुरद मुख्यतः लेंडीतून बाहेर पडतं, पालाश मात्र बहुतेक लघवीतून, आणि लघवी ट्रॉलीत भरता येत नाही. त्यासाठी मेंढरू रानातच बसावं लागतं. लेंडी सावकाश फुटते, पुढच्या हंगामालाही पुरते. शेतीच्या पुस्तकांत शेळ्या-मेंढ्यांच्या खतात नत्र साधारण 3 टक्के धरतात, शेणखतात अर्धा टक्का. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना घेतली, तर तिच्यात पालाश नावालाही नसतं. देशाला लागणारं पालाश तर जवळजवळ सगळं परदेशातून येतं.

पण मेंढराजवळ हे सगळं येतं कुठून? माळावरून. कुसळी, पवना, डोंगरी, मारवेल ही गवतं मुरमाड जमिनीत मुळं घालून जे वर काढतात, ते मेंढरू दिवसभर खातं आणि रात्री माझ्या रानात आणून टाकतं. माणसाला न खाता येणारं गवत माझ्या घरात ज्वारी होऊन येतं. मग माळ रिता होत नाही का? एकाच जागी वर्षभर चारलं तर होतोच. म्हणूनच कळप फिरता असतो. दिवसा चरताना निम्म्या लेंड्या माळावरच पडतात, कळप पुढं गेला की गवताला सावरायला वेळ मिळतो, आणि मेंढरं बसतात ते शिवारही दरवर्षी वेगळं असतं. ही फिरस्ती थांबली की माळ आणि शेत दोघांचंही नुकसान.

आणि नेमकी तीच थांबत चालली आहे. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन, म्हणून कुणालाही द्यायला मोकळी. आमच्या गावच्या माळाचा अर्धा भाग चार वर्षांपूर्वी कुंपणात गेला. आत रोपांसाठी खड्डे खणले, गवत उपटलं गेलं. रोपं जगली थोडी, मेंढरांची वाट मात्र बंद झाली. पूर्वी आमच्याकडे धनगरांचे तीन वाडे, म्हणजे तीन कळप, यायचे, यंदा एकच आला. खताचं बिल का वाढलं यावर चावडीवर रोज बोलणं होतं, कुंपणाबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. झाडांना माझा विरोध नाही. ती ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा. गवताच्या माळावर खड्डे खणणं चूक आहे.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. तुमच्या ग्रामसभेत गायरान कुणाला द्यायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढं विचारा: या माळावर कुणाची मेंढरं चरतात, आणि रात्री ती कुणाच्या रानात बसतात?