क्रोशाचा टॉप आणि तीस तासांचा हिशेब

उन्हाळा लागला की आमच्या हिंगोलीत दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि अंगावरचा कपडाही नकोसा होतो. अशा दिवसांत कॉलेजच्या मुलींच्या अंगावर हल्ली एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे जाळीदार, हलकाफुलका क्रोशाचा टॉप. कुणी तो सुती कुर्तीवर घालतं, कुणी आत स्लिप घालून. मला हे बघून मनापासून बरं वाटतं. त्याचं कारण फॅशन नाही, वेगळंच आहे.

आपल्याकडे क्रोशा म्हटलं की आठवतं ते रुखवत! टीव्हीवरचा रुमाल, ताटावरचं झाकण, टेबलक्लॉथ, दारावरचं तोरण, झालंच तर लोकरीचा मोर. मुलीला सुई धरता येते हे चार पाहुण्यांना दिसावं म्हणून ते सगळं मांडायचं आणि मग पेटीत ठेवून द्यायचं. घरातल्या प्रत्येक निर्जीव वस्तूला आम्ही क्रोशाचे कपडे घातले, स्वतःच्या अंगावर मात्र कधी घातले नाहीत. आता मुली घालताहेत, आणि तेही उन्हाळ्यात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

करायला तो फार अवघड नाही. साखळी आणि खांब एवढं ज्यांना येतं, त्यांना टॉप येतो. दोन चौकोन विणायचे, पुढचा आणि मागचा. खांद्यावर जोडायचे, बाजूंना हाताची जागा सोडून शिवायचे, झाला टॉप. खरी कसोटी दोऱ्याची असते. गावातल्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते घाम शोषत नाहीत, मे महिन्यात अंगावर चटका बसल्यासारखं होतं. सुती दोराच घ्यावा, तोही फार जाड नको. साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर चार पदरी सुती दोरा घेतला तर साधारण दहा सेंटिमीटरमध्ये वीसेक खांब बसतात. पण आधी तळहाताएवढा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच मोजा. सुती विणकाम धुतल्यावर बदलतं, आणि अंगावर स्वतःच्या वजनानं खाली ओढलंही जातं. छाती छत्तीस इंच असेल तर सैलपणाचे दोन इंच धरून अडतीस, म्हणजे एका बाजूला एकोणीस इंच, जवळजवळ शहाण्णव खांब. एक खांब, एक साखळी असं विणत गेलं की जाळी पडते, वारा खेळतो आणि दोराही कमी लागतो. अडीचशे-तीनशे ग्रॅममध्ये मध्यम मापाचा टॉप होतो. वाळवताना दोरीवर लटकवू नका, नाहीतर टॉपचा गाऊन होईल. टॉवेलवर पसरून वाळवा.

(जाळी बघून नाक मुरडणाऱ्या सासवा आमच्याकडेही आहेत. त्यांना मी म्हणते, तुमच्या रुखवतातल्या रुमालाला काय जाळी नव्हती?)

आता मुद्द्याची गोष्ट. स्वेटर मशीनवर निघतो, मोजा मशीनवर निघतो, पण खरा क्रोशा आजही कारखान्यात निघत नाही. त्यात एक टाका पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, आणि सुई प्रत्येक वेळी विणलेल्या भागात वेगळ्या जागी, वेगळ्या दिशेनं खुपसावी लागते. ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रं आहेत, पण त्यांतून निघते ती क्रोशासारखी दिसणारी लेस आणि जाळी. याचा अर्थ काय? मोबाईलवर चारशे नव्याण्णव रुपयांत दिसणारा टॉप एकतर मशीनची नक्कल असतो, नाहीतर तो कुणीतरी बाईनं हातानंच विणलेला असतो. आणि हातानं विणलेला असेल, तर त्या चारशे नव्याण्णवमधून दोरा, गाडीभाडं, दुकानदार, दलाल वजा करून तिच्या हातावर काय पडलं असेल?

मला याचं उत्तर ठाऊक आहे, कारण ते मी आमच्याच जिल्ह्यात पाहिलं. कळमनुरी तालुक्यातली एक मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेलं, पदरात दोन वर्षांचं लेकरू, माहेरी राहणारी. हात असा की बघत राहावं. एका व्यापाऱ्यानं तिला दोरा आणून दिला आणि टॉपमागे दीडशे रुपये ठरवले. तिला आनंद झाला. लेकरू सांभाळून, घरबसल्या पैसे! मी तिला म्हटलं, “किती वेळ लागतो गं एका टॉपला?” तर म्हणाली, “ताई, वेळ कुठं मोजते मी? रात्री लेकरू झोपलं की विणते.” आम्ही दोघींनी एका टॉपचे तास वहीत मांडले. तीस तास भरले. म्हणजे तासाला पाच रुपये.

आता दुसरा हिशेब बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला एकोणचाळीस. या दरानं त्याच टॉपची मजुरी होते अकराशे सत्तर रुपये. खडी फोडण्याचं काम हलकं असतं असं मला म्हणायचं नाही. पण माती उचलणाऱ्या बाईच्या श्रमाला सरकार निदान एक आकडा तरी लावतं. सुई धरणाऱ्या बाईच्या श्रमाला लावतं कोण? तिचं काम ‘फावल्या वेळेतलं’!

या ‘फावल्या वेळे’वर एक पुस्तकच लिहिलं गेलं आहे. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे ती परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथं राहून अभ्यास केला. ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यांनी दाखवलं ते असं, की घरकाम सांभाळून बायका दिवसाचे सहा-आठ तास लेस विणत होत्या, त्यांच्या मालावर निर्यातदार श्रीमंत झाले, पण बायकांच्या हातात किमान वेतनाच्या कितीतरी खाली पैसे पडत होते. का? तर त्या ‘कामगार’ नव्हत्या, ‘घरी बसलेल्या’ होत्या. रिकामपणी काहीतरी करणाऱ्या. व्यापारी असं मानत होते हे समजू शकतं, पण बायकाही स्वतःबद्दल तसंच मानत होत्या, हे वाचून मला आमच्या मुलीचं “वेळ कुठं मोजते मी” आठवलं.

त्याच नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्या वसमतच्या हळदीलाही तो आहे. नाव झालं की भाव येतो म्हणतात. तो भाव विणणारीपर्यंत पोचतो का, हे मात्र दरवेळी वेगळं बघावं लागतं. हळदीचंही तसंच, वसमतच्या शेतकऱ्यांना विचारा!

क्रोशानं पोट भरत नाही असंही नाही हं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं, भयानक दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या मठांमधून मुलींना क्रोशा शिकवला गेला आणि त्या लेसच्या पैशावर कितीतरी घरं तगली. मराठवाड्याला दुष्काळ काही नवा नाही, म्हणून ही गोष्ट मी बचत गटाच्या बैठकीत नेहमी सांगते.

मग बायका विचारतात, “ताई, पंधराशे रुपये सांगितले तर घेणार कोण?” प्रश्न रास्त आहे. हिंगोलीच्या बाजारात त्या किमतीला गिऱ्हाईक थोडं, हे मलाही दिसतं. म्हणून मी सांगते, बारीक दोऱ्याचा भरगच्च टॉप विकायला करूच नका. थोडा जाड सुती दोरा, मोठी सुई, मोकळी जाळी, बाह्या नकोत, असा टॉप सरावाच्या हाताला बारा-चौदा तासांत होतो. मजुरी साडेपाचशेच्या आत बसते. तो इथं खपतो, नांदेडला खपतो, आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गटाला जागा मिळाली तर तिथंही. भरगच्च टॉप फक्त आगाऊ मागणीवर, दोऱ्याचे पैसे आधी घेऊन. व्यापाऱ्याचं काम घ्यायचं तर पहिला नमुना विणून, तास लिहून, मगच दर बोलायचा.

आणि नातेवाईक! “तू घरीच तर असतेस, माझ्या पोरीला एक करून दे ना” हे म्हणणारी माणसं व्यापाऱ्यापेक्षा महाग पडतात. भाचीला प्रेमानं द्यायचा तर जरूर द्या. पण वहीत तिच्याही नावापुढं तास लिहा, समोर ‘भेट’ असं लिहून. आमच्या गटात आता हा नियम आहे. पहिल्याच महिन्यात एकीच्या वहीत ‘भेट’ या रकान्यात एक्केचाळीस तास निघाले. तिच्या नवऱ्यानं ती वही दोनदा उलटून पाहिली.

कळमनुरीच्या त्या मुलीनं व्यापाऱ्याला तीनशे साठ सांगितले, तेही साध्या जाळीचे, दोरा त्याचा. तो “बघतो” म्हणून गेला, अजून आलेला नाही. तोवर तिनं दोरा स्वतः आणून दोन टॉप शाळेतल्या बाईंना विकले आहेत, तिसऱ्याचं माप घेतलं आहे.