शकुंतलेचं माहेर

ब्रिटिश रेल्वेने १९६८ साली मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिनं काढली. पण हौशी मंडळींनी ती जिवापाड जपली आहेत. सुट्टीच्या दिवशी चांगले पैसे मोजून धूर खायला रांग लागते! मुलांना घेऊन आम्हीही जाऊन आलो.

माझी आई कारंजाची. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ ही तिच्या लहानपणची गाडी. तिचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरला बनलेलं. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे न्यायला हे रूळ टाकले, आणि तिथून तो मँचेस्टरच्याच गिरण्यांत यायचा. म्हणजे शकुंतलेचं माहेर इकडचंच म्हणा ना!

आईला फोनवर विचारलं, इंजिनाची आठवण येते का?

“येते तर! खिडकीशी बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचाच. मग आई पदराचा बोळा करून, फुंकर मारून डोळा शेकायची.”

१५ एप्रिल १९९४ला डिझेल लागलं, त्याचं मात्र तिला काही वाटलं नाही. गाडी तीच होती, तिकीटही स्वस्तच. आता गाडीच बंद आहे.

“धुराचं काय घेऊन बसली बाई,” ती म्हणाली, “बाजाराला जाणाऱ्या बायांना एसटी परवडत नाही.”