उतारावर ब्रेक कधी लावायचा?

मैत्रिणींनो, मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे कुरडया-पापडांचे दिवस. यंदा माझी वाळवणं राहिली ती राहिलीच, कारण ते दोन महिने मी लेकीकडे न्यूझीलंडला होते. रोटोरुआ नावाचं गाव. जमिनीतून वाफा निघताहेत, हवेला गंधकाचा वास, आणि आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे पानगळ. शेजारणींना मी गरम पाण्याच्या झऱ्यांचं कौतुक सांगते. तुम्हांला मात्र आज सायकलीचं सांगणार आहे. हसू नका. स्वयंपाकघर सोडून ही भलतीकडेच कुठे निघाली, असं वाटेल. पण शेवटी मी घरातच येणार आहे.

गावाला लागूनच फाकारेवारेवा नावाचं जंगल आहे. त्यात कॅलिफोर्नियाच्या रेडवूडची झाडं आहेत. १९०१ साली लावलेली ही झाडं आज इतकी उंच झाली आहेत, की शेंडा पाहायचा तर मान दुखते. त्यांच्या सावलीत माणसाहून उंच नेचे. आणि या सगळ्यातून दीडशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या, केवळ सायकलींसाठी आखलेल्या अरुंद पायवाटा. २००६ साली डोंगरी सायकलींच्या जागतिक स्पर्धा इथंच झाल्या. वाटांना एक ते सहा असे क्रमांक असतात. एक म्हणजे लहान मुलांनीही जावं अशी, आणि सहा म्हणजे फार थोड्यांनी नाव काढावं अशी. मधल्या आणि वरच्या क्रमांकांच्या वाटांवर मुळं, दगड, वळणं, मातीचे उंचवटे आणि मध्येच पायरी तुटावी तसे कडे असतात. तिथून सायकल उडवायची!

पहिल्याच रविवारी सकाळी लेक गुडघ्याला जाड पट्टे बांधताना दिसली. "हे गं काय?" मी विचारलं. "जंगलात जातेय, आई. अकरापर्यंत येते. इडलीचं पीठ बाहेर काढून ठेव." जावई निवांतपणे चहा घेत होते. मला राहवेना. म्हटलं, "अगं, छत्तिसावं वरीस लागलं तुला. पदरात नऊ वर्षांची पोर. हात-पाय मोडून घेतलास तर कोण करणार?"

ती चिडली नाही. बुटाची नाडी बांधता बांधता एवढंच म्हणाली, "आई, माझी सायकल तू दादाला दिलीस, आठवतं?"

आठवत होतं. आमचं बिऱ्हाड तेव्हा साताऱ्याला. पोर तेरा वर्षांची. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून भरधाव येताना पडली आणि पुढच्या दाताचा तुकडा उडाला. घरात एकच गिल्ला झाला. मुलीच्या जातीला व्यंग आलं तर पुढं कसं, असं वडीलधारी म्हणाली. मीही मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी सायकल थोरल्याच्या हवाली केली. थोरला त्याआधी दोनदा पडला होता. एकदा तर हनुवटीला टाके पडले होते. त्याची सायकल कुणी काढून घेतली नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. लक्षात आलं होतं, बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मीही येते." वाट पायी चढून नातीबरोबर एका वळणावर उभी राहिले. नात भराभरा समजावून सांगत होती. मातीचा उंचवटा दोन तऱ्हांचा असतो. एकाचा माथा ओट्यासारखा सपाट भरलेला असतो; उडी अपुरी पडली तरी चाक ओट्यावरच टेकतं. दुसऱ्यात मधे नुसता खड्डा असतो. तिथं चूक चालत नाही. शिकायचं ते नेहमी पहिल्यावर. उतरायची जागाही उतरतीच हवी. उतारावर चाक टेकलं की धक्का पुढं सरकून जातो. सपाटीवर आदळलं की सगळा धक्का अंगात येतो.

आणि कडा? मला वाटायचं, तिथं जितकं हळू जावं तितकं बरं. तसं नाही हो. फारच हळू गेलं तर पुढचं चाक खाली पडतं, मागचं वरच राहतं आणि माणूस हँडलवरून पलीकडे. काठावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला तरी तेच. ब्रेक लावायचा तो काठ येण्याच्या आधी. वेग बेताचा करायचा, सीट खाली घ्यायची, पेडलवर उभं राहायचं, कोपर-गुडघे सैल ठेवायचे आणि नजर चाकावर नव्हे, तर जिथं उतरायचं तिथं. दोन्ही चाकं साधारण एकदम टेकली की हातापायांनी धक्का पिऊन टाकायचा. मला आपली पुरी आठवली. नवी नवरी तेलाला भिऊन पुरी वरूनच टाकते आणि तेल नेमकं हातावर उडतं. जवळ जाऊन कडेनं अलगद सोडली की काही होत नाही. भीतीनं अर्धवट केलेलं कामच भाजतं.

लेक आली. वरचे दोन उंचवटे तिनं असे पार केले, की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. पुढं छातीभर उंचीचा कडा होता. तिथं ती थांबली. सायकल टेकवून खाली चालत आली, उतरायची जागा बुटानं चाचपली, परत वर गेली. रात्री पाऊस झाला होता. मूळ ओलं होतं. मी श्वास धरून उभी. तिनं हेल्मेट सारखं केलं, मान हलवली आणि बाजूच्या सोप्या वाटेनं उतरून आली. "आज नाही, आई. बघू पुढच्या रविवारी."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी समजत होते, हिला भीतीच नाही. तिला भीती होती. पण तिचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ते ती पडून, उठून, बघून शिकली होती. मी सायकल काढून घेतली होती ती ती शिकू नये म्हणून नव्हे. पण झालं मात्र तसंच असतं.

घरी येऊन पीठ ढवळता ढवळता मी म्हटलं, "सायकलीचं माझं चुकलंच गं." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला सायकलीचं नाही वाटलं एवढं. दादा पडला की तू हळद लावायचीस. मी पडले तेव्हा तू रागावलीस." यावर काय बोलणार? इडल्या लावल्या.

हा खेळ काही फार जुना नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायची शर्यत सुरू केली. उतारावर त्यांचे ब्रेक इतके तापायचे, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. पुढं वीसच वर्षांत, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकल आली आणि पहिल्याच खेपेला पुरुषांबरोबर बायकांचीही शर्यत झाली.

आता कामाचं. तुमच्या मुलीला, मुलाला किंवा तुम्हांला स्वतःला गावाबाहेरच्या टेकडीवर सायकल न्यायची असेल, तर एवढं करा. हेल्मेट आधी, सायकल नंतर. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, मागं सरकलेलं नको. हनुवटीखाली पट्टा एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला धड असलं तरी टाकून द्यावं. त्याचं काम झालेलं असतं. हातमोजे आणि गुडघ्यांचे पट्टे यांत कंजुषी नको. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा आणि चाकांचे नट तपासा. सुरुवात अंगणातल्या वीतभर पायरीपासून करा. नवी वाट आधी पायी चालून बघावी, मग सावकाश सायकलीनं, आणि मगच वेगानं. एकटीनं जाऊ नये. कुठं जातो, कधी येतो ते घरी सांगून जावं.

आणि डोक्याला मार लागला तर त्या दिवशी सायकल बंद, मग मूल कितीही "काही झालं नाही" म्हणो. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, आवरेना अशी गुंगी, यांतलं काहीही दिसलं, किंवा क्षणभर जरी शुद्ध गेली, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक डॉक्टरांकडे जा.

निघायच्या आदल्या रविवारी नात दोन नंबरच्या वाटेवर पडली. गुडघा सोलवटला. माझ्या ओठांवर तेच जुनं वाक्य आलं होतं. गिळलं. जखम धुतली, पट्टी लावली आणि विचारलं, "कुठं चुकलं गं?" ती म्हणाली, "आजी, मी झाडाकडे बघितलं, म्हणून झाडाकडेच गेले." आणि पुन्हा चढण चढू लागली.

तुमच्याही घरी जिन्याखाली एखादी सायकल धूळ खात पडली असेल. कुणाची होती आणि का थांबली, ते एकदा आठवून पाहा. जमलं तर तिच्या चाकांत हवा भरून घ्या.