फोनला एकच प्रश्न विचारा

चार आसनांच्या सेसना १७२ विमानात दिशा ठरवण्यासाठी वैमानिकाने स्मार्टफोन वापरावा का, यावर दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष म्हणतो, फोन हे खेळणे आहे. खरा वैमानिक नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर उडतो. दुसरा म्हणतो, फोनमध्ये सगळेच आहे, आता बाकीच्यांची गरज काय? मला दोन्ही मते अमान्य आहेत. ‘मी आत्ता नेमका कुठे आहे?’ या एका प्रश्नाला फोन जितके नेमके उत्तर देतो, तितके नेमके उत्तर इतक्या स्वस्तात हौशी वैमानिकाला पूर्वी कधी मिळत नव्हते. ते नाकारणे चूक आहे. फोनला याहून वेगळे काही विचारून त्यावर जीव सोपवणे ही त्याहून मोठी चूक आहे.

आधी विरोधकांचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा, की वर गेल्यावर रेंज जाते, मग फोन काय कामाचा? हा निव्वळ गैरसमज आहे. जीपीएससाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश फोन फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. आजच्या फोनमध्ये एरोप्लेन मोडवरही हे काम चालू राहते. अट इतकीच, की नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि उड्डाणापूर्वी, जमिनीवर असतानाच फोनला आपली जागा सापडू द्यावी.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्राचा. फोन हे विमानासाठी प्रमाणित उपकरण नाही, हे खरे. पण अमेरिकेचे नियम पाहा. दिवसा, बाहेर बघून उडणाऱ्या लहान विमानात दिशेसाठी सक्ती आहे ती चुंबकीय होकायंत्राची. जीपीएसची नाही, रेडिओ दिशादर्शकाचीही नाही. म्हणजे अशा उड्डाणात फोन कोणत्याही सक्तीच्या उपकरणाची जागा बळकावत नाही. असलेल्यात भर घालतो.

तिसरा आक्षेप खरा आहे. काचेतून येणाऱ्या उन्हात फोन तापतो आणि बंद पडतो. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेली कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सियस आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात धावपट्टीवरच ती ओलांडली जाते. जीपीएसचे संकेत क्षीण असतात, ते दाबता येतात, खोटेही पाठवता येतात. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये याबद्दल सूचना काढली. पण यातून काय सिद्ध होते? फोन एकटा पुरेसा नाही, एवढेच. तो निरुपयोगी आहे, हे सिद्ध होत नाही.

चौथा आक्षेप भावनेचा आहे. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला पस मॉथ घेऊन आले, ते अशा कुठल्या आधाराशिवाय. त्यांच्या धाडसाबद्दल मला नितांत आदर आहे. पण साधन नसणे हा त्या पिढीचा आदर्श नव्हता, ती तिची अडचण होती. त्या अडचणीलाच आज सद्गुण ठरवणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

आता फोन प्रत्यक्षात काय देतो ते पाहू. शंभर नॉट वेगाच्या विमानावर २० नॉटचा आडवा वारा येत असेल आणि वैमानिकाने नाक फक्त होकायंत्रावर धरले असेल, तर विमान सुमारे ११ अंश वाहवत जाते. तासाभरात ते ठरलेल्या मार्गापासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर दूर असते. होकायंत्र नाकाची दिशा सांगते, प्रवासाची नाही. खालचा रस्ता किंवा नदी नकाशाशी जुळेनाशी होते तेव्हा कुठे चूक कळते. फोनवर ती पहिल्या काही मिनिटांतच दिसते. नियंत्रित हवाई क्षेत्रात नकळत शिरण्याच्या घटनांनी ब्रिटन हैराण आहे, आणि म्हणूनच तिथले नागरी विमान वाहतूक प्राधिकरण हौशी वैमानिकांना सरकता नकाशा दाखवणारी साधने वापरायला सांगते.

आणखी एक गुण निर्णायक आहे. बहुतेक लहान विमानांत अल्टरनेटर एक आणि बॅटरीही एकच. ती यंत्रणा बसली, की पॅनेलवरचा जीपीएस आणि रेडिओ यथावकाश गप्प होतात. फोनची बॅटरी स्वतंत्र असते. त्या घटकेला नकाशाच्या जोडीला चालू असलेला फोन म्हणजे सुखरूप परतण्याची खरी आशा.

आता दुसऱ्या पक्षाला उत्तर. फोन जागा सांगतो, पण विमान कलले आहे की सरळ, याचा भरवसा तो देऊ शकत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या ढगासारख्या स्थितीत टाकले. विमानावरचा त्यांचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. ‘मी कुठे आहे हे मला ठाऊक आहे’ या समाधानात जो ढगात शिरतो, त्याला फोन वाचवणार नाही. फोनवरची जीपीएस उंचीही अल्टिमीटरच्या जागी वापरू नये, कारण आकाशातली बाकीची विमाने हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीवर अंतर राखून उडत असतात. पडद्यावरचे रडारचे ढगही आत्ताचे नसतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये बजावले, की टोकाच्या परिस्थितीत ते चित्र पडद्यावरच्या वेळेपेक्षा १५ ते २० मिनिटे अधिक जुने असू शकते. वादळाच्या दोन ढगांमधली वाट अशा चित्रावरून शोधणे आत्मघातकी आहे.

म्हणून माझा आग्रह प्रशिक्षणाचा आहे. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर इथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या खिशात फोन आहेच. बंदी घातल्याने तो कॉकपिटबाहेर राहत नाही. खिशातच राहतो आणि वाट चुकल्यावर, घाबरलेल्या, न शिकलेल्या हातात बाहेर येतो. त्यापेक्षा त्याला अभ्यासक्रमात रीतसर जागा द्या. आधी नकाशा आणि घड्याळ यांवरून विद्यार्थ्याला जागा ओळखू द्या, मग फोनशी पडताळू द्या. फोनकडे क्षणभर पाहायचे आणि नजर पुन्हा बाहेर न्यायची, ही सवय इन्स्ट्रक्टरने लावायची. अधूनमधून न सांगता फोन बंदही करायचा. आणि परीक्षकाने विचारावे: नकाशा एक सांगतो, फोन दुसरे, तू कोणाचे ऐकशील आणि का? ज्याला याचे कारणासह उत्तर देता येते, त्याच्या हातात फोन सुरक्षित आहे. ज्याला येत नाही, तो फोनशिवायही एकट्याने उडायला तयार नाही.